विदूषकाचं माप

"मावशी, पट्टीच्या मागं," संग्रहालयातला पहारेकरी तिसऱ्यांदा म्हणाला.

मी मागे सरले. फरशीवर पिवळी पट्टी मारलेली होती आणि तिच्या पलीकडे, भिंतीवर, तो विदूषक होता. माझ्या गळ्यात टेप, हातात कागद, कागदावर खाडाखोड. चाळीस वर्षं नाटकवाल्यांचे कपडे शिवले. राजे शिवले, भुतं शिवली, एकदा चार माणसांचा मिळून एक हत्ती शिवला. पण चित्र बघून कपडा बेतायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि चित्रही असलं की माणूस कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो याचा थांग लागू नये.

एक डोळा समोरून बघत होता, दुसरा बाजूने. टोकदार टोपी दोन दिशांना गेलेली. अंगभर पत्त्यांतल्या चौकटीसारख्या चौकटी, पिवळ्या, निळ्या, विटकरी. एक पाय उचललेला, जणू आता कुणाची तरी खोडी काढणार. टोपीला लावलेला हात मात्र मी मोजला तर तीनदा निघाला.

"तुम्हाला काय दिसतं हो यात?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"मला?" त्याला बहुधा हे कुणी विचारलं नसावं. "नऊ वर्षं याच्यासमोर उभा आहे. आधी वाटायचं, कुणीतरी आरसा फोडून चिकटवलाय. आता काही वाटत नाही. घरातल्या माणसाकडं आपण कुठं रोज बघतो?"

तेवढ्यात संग्रहालयातल्या बाई आल्या. काम त्यांनीच दिलं होतं. मुलांसाठी नवं दालन उघडायचं होतं आणि त्याच्या दारात दर रविवारी चित्रातला हा विदूषक जिवंत उभा राहायला हवा होता. वयाने माझ्या मुलीसारख्या, चष्मा डोक्यावर चढवायच्या आणि मग शोधत बसायच्या.

"काय मास्तर, अडलं का?" त्यांनी विचारलं. आमच्या धंद्यात बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. बाई बेतायला बसली तर तिला काय म्हणायचं ते कुणी ठरवलंच नाही, त्यामुळे मी तिशीपासून मास्तरच आहे.

"याची छाती दिसतेय आणि पाठही दिसतेय," मी म्हणाले. "एकाच वेळी. मी शिवू काय?"

"तीच तर गंमत आहे. घनवाद म्हणतात याला. चित्रकार माणसाभोवती फिरून आलाय असं समजा. समोरून, बाजूनं, मागनं जे जे दिसलं, ते सगळं एकाच कॅनव्हासवर मांडलं त्यानं."

मी पुन्हा बघितलं, आणि माझी ट्यूब पेटली. हे तर माझं टेबल होतं. कापड बेतून झालं की टेबलावर असंच पडलेलं असतं, समोरचा भाग, पाठ, दोन बाह्या, गळपट्टी, सगळं सपाट आणि एकमेकांवर थोडं थोडं चढलेलं. बाहेरच्या माणसाला त्या चिंध्या वाटतात. मला त्यात उभा माणूस दिसतो.

"हा मोडलेला नाहीये बाई," मी म्हणाले. "बेतून ठेवलाय. शिवायचा राहिलाय फक्त."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "हे मी लिहून घेऊ?"

"घ्या की. पण भाषणात सांगताना शिंपिणीचं नाव खाऊ नका."

पहारेकरी हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी जे विचारलं त्यासाठीच बहुतेक मी चार दिवस त्या पट्टीशी घुटमळत होते. कपडा शिवाल, पण आत माणूस कोण? दोन तास उभं राहायचं, मुलांना हसवायचं, असा कुणी माहितीत आहे का?

"माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "पंचवीस वर्षं तेच केलं त्यानं."

"तब्येत वगैरे?"

"ठणठणीत."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. गिऱ्हाइकाला 'उद्या देते' म्हणते ते सोडून.

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. नाटक कंपनीत त्याला सगळे फिरकी म्हणत. राजाच्या दरबारातला विदूषक असो की मुलांच्या नाटकातला चोर, तो रंगमंचावर आला की आधी टाचेवर एक गिरकी घ्यायचा आणि अख्खं थिएटर हसून लोटपोट व्हायचं. कपडे मी शिवायचे. कंपनी बंद पडली, माझे यजमान गेले, आणि लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला हा माझ्याकडे राहायला आला. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात हलायला लागला. मग पाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे मागे फिरणारं दुखणं नाही असंही सांगितलं, त्याच्यासमोरच.

तेव्हापासून तो माझ्यासमोर जेवायचा बंद झाला. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. सांडलेलं स्वतः पुसायचा, तेही अर्धं राहायचं, आणि ते मी पुन्हा पुसलं की त्याला कळायचं. दाढी थांबली. बोलणं थांबलं. ज्या माणसाने कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कधी फिरकी घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं, तो दिवसभर खिडकीत बसून चार शब्द बोलेना. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी त्याच्या उशीची खोळ धुवायला काढली तर आतून गोळ्या घरंगळल्या. महिन्याभराच्या असतील. तो त्या घेत नव्हता की साठवत होता, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, तो खोटं बोलत नाही. मी गोळ्या फेकल्या, खोळ धुतली, वाळत घातली आणि मोरीत बसून रडले.

तर असा माझा ठणठणीत भाऊ. मला तो त्या खिडकीतून उठायला हवा होता. त्यासाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोलले असते.

त्याला चित्र दाखवायला न्यायचं म्हटलं तर तो म्हणाला, "मी कशाला?"

"मला एक हात जास्त दिसतोय. तू बघून सांग."

बसमध्ये त्याने हात खिशात ठेवला. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर मी त्याचा दंड धरायला गेले तर त्याने झटकला. आत पहारेकऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी काही करायच्या आधीच पट्टीकडे बोट दाखवलं. भाऊ मात्र पट्टीच्या पार मागे, समोरच्या बाकापाशी थांबला. तिथून बघत राहिला. मी आजूबाजूची फळाफुलांची चित्रं बघून आले तरी तो तसाच.

"सगळ्यांना वाटत असेल हा हसतोय," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"विंगेत जायची वाट बघतोय. प्रवेश संपलाय, लोक हसताहेत, तोंड अजून तसंच ठेवायचंय. आणि याला दम लागलाय. ही छाती बघ, ही एक आणि ही एक. श्वास घेतलेली आणि सोडलेली."

मी चार दिवस ते दोन तुकडे कुठे जोडायचे म्हणून डोकं फोडत होते.

"आणि हात?" मी विचारलं. "बाई म्हणतात चित्रकार याच्याभोवती फिरत होता, म्हणून तीन दिसतात."

"चित्रकार कशाला फिरेल? त्याला बसायला स्टूल असेल." भावाने खिशातून हात बाहेर काढला आणि टोपीला लावतात तसा कपाळाशी नेला. हात हलत होता. त्याने तो चित्राच्या समोर धरला आणि माझ्याकडे बघितलं. "मोज. किती आहेत?"

मी चित्राकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

"हाच हलत होता, ताई. चित्रकार बिचारा एका जागी बसून काढत होता. याचाच हात थांबेना." आणि तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, दात दिसतील असा. मग पहारेकऱ्याकडे वळून दरबारी आवाजात म्हणाला, "हवालदार, या इसमास ताब्यात घ्या. एका हाताचा परवाना असून तीन बाळगतो." पहारेकऱ्याने हसू आवरायचा प्रयत्न केला आणि त्याला ठसका लागला.

परतीच्या बसमध्ये भावाचा हात बाहेर, मांडीवर होता. उतरायच्या आधी तो म्हणाला, "शिव तू. मी घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन उभी राहिले. "ये, माप घेते."

"वहीत आहे की माझं."

वहीत होतं. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं माझ्याच अक्षरात, कंपनी भरात असताना घेतलेलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी दम देऊन सांगितलंय, जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, मग ते सख्ख्या नवऱ्याचं का असेना. आणि मी मुकाट्याने वही उघडली. तो घरात सदान्‌कदा जाड स्वेटर घालून बसायचा. त्या स्वेटरच्या आत किती भाऊ उरलाय हे मला माहीत नव्हतं आणि टेप लावला की कळणार होतं. ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच. कच्च्या टाक्यांवर अंगात घालून बघायचं असतं, तेही मी टाळलं. तो म्हणाला, एकदम तिथेच घालू, त्या चित्रातल्या पठ्ठ्यासमोर. मी म्हणाले, बरं.

अकरा दिवस मी तो पोशाख शिवत होते. चौकटींचं काम फार चिवट, शिवणीवर टोकाला टोक भिडलं पाहिजे, नाहीतर अख्खा माणूस तिरका दिसतो. भाऊ शेजारी बसून डाव्या हाताने तुकडे रंगांप्रमाणे लावून द्यायचा. "पिवळा. निळा. ताई, झोपलीस का, विटकरी." त्या अकरा दिवसांत तो टेबलाशी बसून जेवला. सांडलं तर म्हणाला, "तीन हातांनी जेवलं की होतं असं." गोळ्या माझ्यासमोर, पाण्याबरोबर घेतल्या. एका सकाळी त्याने दाढी केली, हनुवटीवर दोन जागी कापून घेतलं आणि त्यावर कागदाचे कपटे चिकटवून मिरवला. मला वाटलं, जिंकले मी. खरंच वाटलं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा बाईंनी बोलावलं. दालन रविवारी उघडायचं होतं. पडद्यामागच्या छोट्या खोलीत भावाने स्वेटर काढला, सदरा काढला, आणि मी खाली बघून बटणं लावत गेले. शेवटचं गळ्याचं बटण लावलं आणि मग वर बघितलं.

खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कंबरेत माझी मूठ सहज जाईल एवढा झोळ. बाह्यांतून नुसती बोटं बाहेर. माझ्या भावाला मी त्याच्याच कपड्यात हरवून टाकलं होतं.

"थांब, टाचण्या लावते," मी म्हणाले. "दोन-दोन इंच आत घेतलं की झालं."

"चौकटी?"

चौकटी मधूनच कापल्या जाणार होत्या, हे अकरा दिवस शेजारी बसून त्यालाही कळत होतं. तरी मी टाचणी लावायला गेले. तो हलत होता, मी घाई केली, आणि टाचणी त्याच्या कुशीत गेली.

"लागली?"

"नाही," तो म्हणाला. पांढऱ्या अस्तरावर रक्ताचा ठिपका उमटला. "राहू दे ताई. ढगळ कपड्यात विदूषक जास्त हसवतो. तुला ठाऊक आहे ते."

तो पडदा सारून बाहेर गेला. बाई आणि पहारेकरी चित्राशी उभे होते. भाऊ त्यांच्यासमोर आला, पायघोळ विजार दोन्ही हातांनी उचलून, एखादी महाराणी डबकं ओलांडते तसा, आणि बाई खळखळून हसल्या. मग त्याने हात टोपीशी नेला. हात हलायला लागला. बाईंना वाटलं अभिनय आहे, त्या आणखी हसल्या. हात हलत राहिला. त्याने दुसऱ्या हाताने तो धरून खाली आणला, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

तिथे त्याने थांबायला हवं होतं. पण तो नट होता, आणि नटाला शांतता झाली की काहीतरी करावं लागतं. त्याने टाच टेकवली आणि गिरकी घेतली. मी "नको" म्हणेपर्यंत तो फरशीवर होता.

पहारेकऱ्याने धावत येऊन त्याला काखेत हात घालून उचललं आणि बाकावर बसवलं. मी गुडघे चाचपले, कोपर चाचपलं. मोडलं काही नव्हतं. बाई माझ्याजवळ आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

त्यांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

त्या भावाच्या समोर उकिडव्या बसल्या. "काका, रविवारी शंभर मुलं येतील. ओढतात हो, अंगाला लोंबकळतात. तुम्हाला काही झालं तर…"

"बाई, मी तुमच्या जागी असतो तर दारातूनच परत पाठवलं असतं मला," भाऊ म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता. "पण कपडा वाया घालवू नका. अकरा दिवस ताईची मान मोडलीय त्यात. यांना घालून बघा."

त्याने बोट पहारेकऱ्याकडे दाखवलं. पहारेकरी मागे सरकला. "मला कुठं येतं काका असलं काही."

"नऊ वर्षं बघतोयस म्हणे याच्याकडे. तुला नाही येणार तर कुणाला?"

खोलीत मी बटणं सोडली. भाऊ बनियनवर उभा होता आणि आता खाली बघण्यात काही अर्थ नव्हता. बरगड्या मोजता येत होत्या. मानेखालचं हाड वर आलं होतं. मी त्याला सदरा घातला, स्वेटर घातला. लहानपणी मी कपडे घालताना करायचा तसे त्याने हात वर केले आणि डोकं बाहेर आल्यावर म्हणाला, "रडू नकोस. पुढच्या प्रवेशाला उशीर होतोय."

मग पहारेकरी पोशाख घालून आला. मी चार टाचण्या ओठांत धरून तयार होते. खांद्याला हात लावला, शिवण खांद्यावर होती. कंबर बघितली, काखेतला मुंढा बघितला, बाही मनगटावर जिथे संपायला हवी तिथे संपली होती. पाठीवर चौकटी मानेपासून खालपर्यंत टोकाला टोक, एक रेघ वाकडी नाही. मी त्याच्याभोवती दोनदा फिरले. कुठेही काही करण्यासारखं नव्हतं. मी टाचण्या ओठांतून काढून टेपच्या पट्ट्याला लावून टाकल्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर, याचं माप न घेता इतकं बरोबर कसं काय?"

"योगायोग," मी म्हणाले.

भाऊ बाकावरून त्याला शिकवायला लागला. खांदा पाड. मान नको हलवूस, आधी डोळे फिरव, मग मान. मुलगा घाबरला तर तू त्याच्याहून जास्त घाबर. पहारेकरी आधी लाकडासारखा होता, हळूहळू सैल पडला. त्याने टोपीला हात लावला, तो एकदाच लागला आणि तिथेच राहिला.

"आता त्या टोकाला जा आणि दारातनं आत ये," भाऊ म्हणाला. "सावकाश."

पहारेकरी वळला आणि लांबलचक दालनातून पलीकडच्या दाराकडे चालत निघाला. मी भावाशेजारी बसले. पाठमोऱ्या चौकटी दूर जात होत्या, खांदे रुंद, कंबर सडपातळ, प्रत्येक पावलाला पिवळ्यावर निळा सरकत होता. विंगेत उभी राहून ही पाठ मी शेकडो वेळा रंगमंचावर जाताना बघितली होती.

"मी असा दिसायचो?" भावाने विचारलं.

"हो."

"मला कधी दिसलंच नाही. समोरचं आरशात दिसायचं. मागचं तुम्ही लोकांनी बघितलंत." त्याने मान थोडी पुढे काढून बघितलं. "चांगला होता की गडी."

मी त्याचा हात हातात घेतला. तो हलत होता, आणि धरल्यावरही हलतच राहिला. भिंतीवरचा तो आमच्याकडे एका डोळ्याने बघत होता, दुसऱ्याने दाराकडे. मला एकदम कळलं की आज रात्री, उद्या, परवा, मी कितीही उशा धुतल्या आणि कितीही पोशाख बेतले, तरी या माणसाला उठवायला माझ्याकडे आता काहीही उरलेलं नाही.

दाराशी पोहोचून पहारेकरी वळला. "चाललो ते बरोबर का काका?"

"नाही," भाऊ म्हणाला. "इकडं ये आणि परत जा."

पहारेकरी आमच्यापर्यंत आला, वळला आणि पुन्हा गेला. तिकडून त्याने पुन्हा विचारलं. भाऊ पुन्हा नाही म्हणाला. पहारेकऱ्याच्या चालण्यात काहीही चुकत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. बाई घड्याळात बघत होत्या. मी त्यांना हाताने थांबा म्हणून खूण केली, आणि तो माणूस आमच्याकडे पाठ करून तिसऱ्यांदा चालत निघाला.